जावईबापूंची सूज

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त कागदावरच घालतो, समक्ष आल्यावर पुरा करीन). तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? आणि धाकटी अजून रेडिओशी भांडते का? तिला म्हणावं, समालोचकावर ओरडून आमचे फलंदाज टिकत नाहीत, आम्ही इथे प्रत्यक्ष ओरडून पाहिलं आहे.

हे पत्र आणणारा उंच, लंगडणारा इसम म्हणजे आमचा वेगवान गोलंदाज. घोटा मोडल्यामुळे त्याला घरी धाडलं आहे. त्याला एक खुर्ची बसायला आणि एक पाय ठेवायला द्या. फार बोलत नाही, पण माणूस चांगला आहे.

दौऱ्याचं म्हणाल तर पाहुण्यांचा जसा पाहुणचार व्हावा तसा आमचा होतो आहे, फक्त मैदानावर. यजमानांकडे एक वेगवान गोलंदाज आहे, त्याला आम्ही वरवंटा म्हणतो. पहिल्या कसोटीत आमचा सलामीवीर गेला तसा परत आला. कप्तानाने विचारलं, "चेंडू कसा होता?" तो म्हणाला, "आवाज चांगला होता." दुसऱ्याची बरगडी गेली, तिसऱ्याचं बोट. कपडे बदलायच्या खोलीत बॅटीपेक्षा बँडेज जास्त. सामना हरलो त्या संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना बसवून भाषण केलं की हरण्यातही एक शान असते. कप्तान म्हणाला, "शान तुम्ही ठेवा, मला दोन फलंदाज द्या." (मॅनेजरसाहेब तेव्हापासून बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे एकटेच बसतात.)

माझं विचाराल तर मी राखीव यष्टीरक्षक, म्हणजे घरचं कार्य असून पंक्तीला न बसलेला. संघात माझं नाव 'पाहुणा' पडलं आहे. पाणी नेणं, कोरडे हातमोजे नेणं, पेट्या बसवर चढवणं ही माझी कामं (कंबर पेट्यांनी गेली, खेळाने नव्हे, हे मामींना सांगू नका, त्या पेपरात छापून आणतील). आणि खरा यष्टीरक्षक म्हणजे तुमचे जावईबापू, धाकटीचा नवरा. त्यांना इथे सगळे बोका म्हणतात. तुमच्यापुढे मान खाली घालून बसणारा हा माणूस यष्टीमागे उभा राहिला की त्याच्या हातून माशीसुद्धा सुटत नाही. तो तंदुरुस्त असताना मला खेळायला मिळणं शक्य नव्हतं, आणि तो कायम तंदुरुस्त असतो.

दुसऱ्या कसोटीत यजमानांची फलंदाजी आधी आली. आली ती गेलीच नाही. सकाळ गेली, दुपार गेली, त्यांचा सलामीवीर इतका वेळ उभा होता की पंच त्याच्याशी घरच्यासारखे बोलू लागले. आमचे क्षेत्ररक्षक चेंडूमागे धावायचे सोडून त्याला सीमेपर्यंत पोचवायला जात होते. अशात चहाच्या आधी आमच्या फिरकीवाल्याने (हा गावी शाळेत शिकवतो, म्हणून मास्तर) एक चेंडू असा वळवला की त्या सलामीवीराचा मधला दांडा उखडला. अख्ख्या दिवसातली पहिली विकेट. सगळे मास्तराकडे धावले, त्याला उचललं, टोप्या उडवल्या. सीमेबाहेर मीही पाण्याची बाटली काखेत धरून टाळ्या वाजवत होतो. बोका यष्टीमागे खाली बसला होता. आम्हाला वाटलं, आनंदाने बसला असेल. पंच त्याच्याजवळ गेले आणि त्यांनी आमच्याकडे हात केला तेव्हा कळलं. दांड्यावरची बेल, ती बोटाएवढी लाकडी कांडी, उडून त्याच्या डोळ्याला लागली होती.

सूज आहे. मॅनेजरसाहेबांनी वार्ताहरांना तेच सांगितलं आणि धाकटीला तार केली तीही तशीच. उरलेल्या सामन्यात हातमोजे मी घातले. दोन झेल सोडले. मास्तर म्हणाला, "पाहुण्या, हात जोडूनच उभा राहा, निदान नमस्कार तरी होईल." हा सामनाही हरलो. बाकी इकडे सर्व क्षेम. मामींना नमस्कार, शेजारच्या बंड्याला माझी बॅट देऊ नये.

तुमचा भाचा

ता. क. मामा, सूज नाही. डावा डोळा गेला. शस्त्रक्रिया झाली, डॉक्टर चांगले होते, त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की दिसणार नाही. मॅनेजरसाहेबांचं म्हणणं, दौरा संपेपर्यंत बाहेर बोलू नये, संघाचं मनोधैर्य खचेल. (ते पहिल्या कसोटीनंतर कोणाच्या पाहण्यात नाही.)

ता. क. दुसरा. मी त्याच्याकडे रोज जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. त्याने विचारलं, "तो आउट झाला ना?" मी म्हटलं, झाला. "मग ठीक." काल उजव्या डोळ्याची पट्टी सोडली. म्हणाला, "काहीतरी फेक." मी मोज्यांची गुंडाळी करून अगदी हळू फेकली, लहान मुलाला फेकतात तशी. त्याचा हात वेळेवर उठला आणि वीतभर अलीकडेच मिटला. गुंडाळी छातीवर आपटली. तो हसला. "परत फेक." मी फेकत राहिलो, तो मिटत राहिला, शेवटी नर्सबाईंनी मोजे काढून घेतले. त्या गेल्यावर तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मामंजींना लिही. मला तिला सांगता यायचं नाही."

ता. क. तिसरा. हे पत्र पोचेल त्याच्या दुसऱ्या दिवशी तिसरी कसोटी सुरू होते. सकाळी समालोचक संघ वाचून दाखवेल आणि यष्टीरक्षक म्हणून माझं नाव घेईल. सुजेने कोणी दोन आठवडे बाहेर बसत नाही, हे धाकटीला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. तिला ते रेडिओवरून कळू नये. म्हणून आज संध्याकाळीच तिच्याकडे जा. मामींना बरोबर न्या, पण सांगा तुम्ही. ती आधी म्हणेल की तुम्हाला नीट समजलं नाही, भाच्याला तिखटमीठ लावायची सवय आहे, असं काही झालेलं नाही. मामा, लहानपणापासून तुम्ही तिचं म्हणणं कधी मोडलं नाहीत. आज मोडा.