पाटासकट मापलेली उंची

औरंगाबाद, सोमवार, दिवेलागण

म्हणं उंचीच्या मानानं पोरगी लई हलकी, क्षय असंल, नर्सचं काम शिकायला घेता येत नाय! निजामाच्या दवाखान्यातली डॉक्टरीण उंची-वजनाच्या तक्त्यावर बोट ठेवून मोकळी झाली. क्षय? माझी सुभद्रा भरलेले दोन हंडे घेऊन जिना चढते.

घरी आल्यावर पोरगी सांगते, "आई, फरशी ओली व्हती. आयानं पाट दिला, त्याच्यावर उभी राहिले."

पाटावर! भिंतीवरची पट्टी तर जमिनीपासून. दोन इंच उंची फुकट वाढली, मग तक्त्यात वजन कमी पडंल नाय तर काय? "तवा मिठाची गुळणी धरली व्हतीस का?" म्हटलं, तर रडायला लागली.

शेजारच्या जुबेदाआपानं शिवणाच्या टेपनं मापलं अन् हसली, "लकडी को भी पोट्टी समझे क्या उनो?" लाकूडबी पोरीतच मोजलं, म्हणं! मला नाय हसू आलं. क्षयाचं नाव गल्लीत फिरलं, तर पोरीच्या हातचं पाणी कोण पिणार? अन् मी तिथंच व्हते. पाट कसा दिसला नाय मला?

उद्या सकाळीच जाते, डॉक्टरणीला सांगते: बाई, अनवाणी, फरशीवर उभी करून परत मापा. अन् घेता का नाय, ते गुरुवारी नावं घेणं बंद व्हायच्या आत कागदावर लिहून द्या.