मागचं फाटक

प्रिय आई,

आधी चष्मा लाव, आणि हे पत्र काकाच्या हाती पडू देऊ नकोस. तो मोठ्यानं वाचायला घेईल, दर ओळीला स्वतःचं मत देईल, आणि तोवर तू उठून शिलाई मशीनवर बसलेली असशील. फोनवर सांगितलं असतं, पण नदीचा विषय निघाला की तुझं गॅसवरचं दूध नेमकं तेव्हाच उतू जायला लागतं. म्हणून लिहितेय.

आपत्ती-संशोधनाच्या शिष्यवृत्तीची मुलाखत झाली. तीच, जिच्याबद्दल काकानं विचारलं होतं की पुरावर पीएचडी केल्यानं पूर यायचा थांबणार आहे का. लांबलचक टेबलाच्या पलीकडे निवड समिती, अलीकडे तू शिवलेल्या निळ्या ड्रेसमध्ये मी. कॉलर जरा टोचत होती, बाकी मी अजिबात घाबरले नव्हते. अध्यक्षांनी माझा विषय वाचला, शाळेतला भोंग्याचा सराव आणि पुरात गेलेले पालक, आणि फार गोड आवाजात म्हणाले की ही शिष्यवृत्ती नैसर्गिक संकटांसाठी आहे, तुमचा विषय तर शाळेच्या कारभाराचा दिसतो. नदीची पातळी मोजणाऱ्या यंत्रांवर काम करा, शिष्यवृत्ती तुमचीच समजा. मी सरळ नाही म्हटलं. माझ्या मार्गदर्शक बाईंनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, सर, आमच्याकडे पुराचं पाणी येणार हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं होतं, भोंगा अगदी वेळेवर वाजला होता. तरी माणसं गेली. ती का गेली, हे कुठलं यंत्र सांगणार?

मग कोपऱ्यातल्या एका गृहस्थांनी काळजीनं सुचवलं की ज्या घरातलं माणूस गेलंय तिथल्या मुलीनं हा विषय घेऊ नये, भावना आड येतात. तिथे माझी सटकली. ज्याला लहानपणी कावीळ झाली त्यानं डॉक्टर व्हायचंच नाही का, असं विचारून बसले. समितीतल्या एक बाई खुदकन हसल्या. ते गृहस्थ काही हसले नाहीत.

आई, तुला आमच्या शाळेतला भोंग्याचा सराव आठवतो ना? दरवर्षी व्हायचा. भोंगा वाजला की आम्ही मागच्या फाटकातून रांगेनं पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर जायचो. वर हजेरी व्हायची, मग आम्हाला खाली आणायचे, आणि सराव संपला म्हणून नदीच्या बाजूच्या पुढच्या फाटकाशी पालकांना बोलावून एकेकाला ताब्यात द्यायचे. मोठ्या बाई शिस्तीच्या, मुलाचा हात आईबापाच्या हातात दिल्याशिवाय सोडायच्या नाहीत. तुम्ही सगळे त्यांचं केवढं कौतुक करायचात! पण आम्हाला टेकडीवर जाताना तुमच्यापैकी कुणी कधी पाहिलंच नाही. तुम्हाला दरवर्षी दिसलं ते पुढचं फाटक. म्हणजे मुलांना सवय लागली वर जायची आणि आईबापांना खाली, फाटकाशी यायची. हे कुणी मुद्दाम केलं नाही. शाळेला सराव कुठेतरी संपवायचा होता, त्यांनी तो तिथे संपवला.

त्या दिवशी आम्ही शिकवल्याप्रमाणे वर गेलो. मी टाकीला टेकून मैत्रिणीच्या डब्यातली बिस्किटं खात होते आणि गणिताचा तास बुडाला म्हणून खूश होते. बाबा घरी होता, कुणाचा तरी पंखा खोलून बसलेला. आपलं घर तिसऱ्या मजल्यावर, तिथे पाणी चढणं शक्यच नव्हतं. बाबासारखे जे जे पोरांना न्यायला पुढच्या फाटकाशी धावले आणि तिथे पाण्यात सापडले, त्यांतल्या बहुतेकांची घरं कोरडी राहिली, आई. हे लिहिताना अजूनही माझे दात आवळले जातात.

आणि आपण सगळ्यांनी काय केलं? फाटकाशी दगड उभारला, त्यावर नदीचा कोप असं कोरलं आणि हात झटकले. सराव अजून तसाच चालतो. गेल्या वर्षी काकाची सून त्याच फाटकाशी रांगेत उभी होती, मुलाला न्यायला. मला हे मान्य नाही. नदीवर बिल फाडून मोकळं होणं मला जमणार नाही.

समितीनं शेवटी शिष्यवृत्ती दिली, पण अट घालून. महिनाअखेरपर्यंत आपल्याकडच्या, माणूस गमावलेल्या घरांनी माझ्याशी बोलायला तयार झालं पाहिजे, नाहीतर यंत्रांचा विषय घ्यायचा. मी फोन लावत सुटले. बेकरीवाल्या मावशींनी विषय ऐकून फोन ठेवला. रंगारी आजोबा म्हणाले, जुनी मढी उकरू नकोस. सगळ्यांनी एकजात तोंडं मिटलीत. आधी मला संताप आला, मग तू आठवलीस आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. यंत्रांचा विषय मात्र मी घेणार नाही. शिष्यवृत्ती गेली तर शिकवण्या करीन आणि पुढच्या वर्षी हाच विषय घेऊन त्याच टेबलासमोर बसेन. समितीनं सवय करून घ्यावी.

आता खरं ते लिहिते. बाबा गेल्यापासून तू कुणालाही काही आणायला पाठवलेलं नाहीस. मीठ संपलं तरी अर्धवट शिवण टाकून स्वतः जिने उतरतेस. दोरा हवा असला तरी तूच. पाहुण्यांपुढे काका तुला हट्टी म्हणतो, तू हसून वेळ मारून नेतेस. मी लहान होते, पण आंधळी नव्हते. त्या दिवशी तू बाबाला म्हणालीस ना, जा, आधी पोरीला घेऊन ये? तेच बेकरीवाल्या मावशी म्हणाल्या असणार, तेच रंगारी आजोबांच्या घरात कुणीतरी म्हणालं असणार. प्रत्येक घराला वाटतं की ते वाक्य आपल्याच तोंडून गेलं. तुम्हाला ते वर्षानुवर्षं शिकवलं होतं, आई, फाटकाशी उभं करून. तुझी चूक नव्हती. हे मला सिद्ध करायचंय, पुराव्यानिशी, त्या टेबलासमोर आणि त्या दगडासमोर. तू बोललीस तर बाकीचे बोलतील, म्हणून पहिली मुलाखत मला तुझी हवी आहे. रविवारी येतेय. लगेच बोलता आलं नाही तर नको बोलूस, मी बसून राहीन. फक्त एक कर. मी आले की मला खाली मीठ आणायला पाठव. जा, घेऊन ये, असं म्हण. मी जाईन आणि परत येईन.

तुझीच,
तुझ्यावरच गेलेली हट्टी पोर