अकरा नंबरचा खड्डा

लखनौ,
९ जुलै २०२४

हृषीकेश,

वर 'प्रिय' नाही, ते विसरले म्हणून नव्हे. आम्ही सगळे बरे आहोत. तू मागितलेली दशहरी आंब्यांची पेटी सत्यजित परवाच मलिहाबादहून घेऊन आला. तुझा फोन ठेवल्यावर आमची अवनी विचारत होती, "मम्मी, आप इतना चिल्ला क्यों रही थीं?" झालं क्षेमकुशल.

आता त्या फोनबद्दल. काय पण डोकं चालवलंस! खाणीचा ढिगारा घसरून पायथ्याच्या टोलीतली, त्या छोट्या वस्तीतली, तीन घरं गाडली गेली. माणसं पेरणीला गेली होती म्हणून वाचली. चौकशी समिती विचारतेय, ढिगाऱ्याखालच्या उतारावर मुरूम आहे असं आपल्या माती-सर्वेक्षणात कोणी लिहिलं? आणि तू मला सांगतोस, "नरहरचं नाव दे. खड्डे तोच खणायचा. तसाही डिसेंबरात रिटायर होतोय." लाज नाही वाटली? एकवीस वर्षं तो उन्हात खड्ड्यात आणि आपण छत्रीखाली. चोर सोडून संन्याशाला फाशी!

म्हणे, "दगड लागला म्हणून त्यानं अकरा नंबर अर्धा सोडला, एवढंच लिही." अरे, खड्डा अर्धा सोडणारा माणूस आहे का तो? तोच म्हणाला होता, "मॅडम, टेकाड संपलं इथं. उतार वेगळा दिसून राह्यला, खंदावंच लागते." तू जीपमधूनच ओरडलास, "दहाचंच उतरव गं, जमीन तीच आहे. जेवायला उशीर होतोय."

आणि उतरवलं कोणी?

तुझ्यावर तोंडसुख घेत तीन कागद फाडले, तेव्हा कुठे हे लिहवतंय. मी उतरवलं. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून दहा नंबरची नोंद जशीच्या तशी: वीतभर माती, खाली मुरूम. ढेकूळसुद्धा हातात न घेता. एवढ्यासाठी मी विद्यार्थ्यांना नापास करते.

काल आमच्या स्टोअरमधली सर्वेक्षणाच्या वर्षीची ट्रंक उघडली. तळाशी अकरा नंबरची पिशवी! तिच्यावर दुसऱ्या दिवसाची पहाटेची वेळ; म्हणजे नरहरने एकट्यानेच खड्डा खणला होता. आत पेन्सिलीची चिठ्ठी: 'पाच फूट. काळीच.' चिमूटभर भिजवली तर बोटांना चिकटून बसली. पाणी पिऊन फुगणारी, सरकणारी माती ही, आणि तिच्यावर आपण डोंगर रचायला परवानगी दिली.

त्याला फोन केला. का नाही सांगितलंस, म्हटलं. "पिशवी दिली होती ना, मॅडम. पाहाल वाटलं." शिवी हासडली असती तर बरं झालं असतं रे.

निम्मी माती, ती चिठ्ठी आणि माझा जबाब आज सकाळी समितीला रजिस्टर पोस्टाने पाठवला. तुझं जीपमधलं वाक्यही त्यात आहे. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. तुझ्याबरोबर जाईल याचाच काय तो संताप.

आंबे नरहरकडे रवाना केले. तुलाही पेटी येईल. तिच्यात उरलेली माती आहे. पाणी घाल आणि एकदाची हातात घे.

अकरा नंबर न बघता लिहिणारी,
वसुधा