झग्याला खिसा नव्हता

आखाडा बाळापूर
ता. ९ फेब्रुवारी २०२५

माझी लाडाची नात आकांक्षा हिला आजीचा सप्रेम जयभीम.

आमी सारे इकडं खुशाल हाओत. तुझा बाप भीमराज हळदीत गुंतला हाय, तुझी माय बी. पत्र लिहायचं कारण म्हंजे आनंदाची बातमी, काल फोनवर पुरी सांगता आली न्हाई ती. काल दुपारी तुझ्या आबांनी त्या दम ओढायच्या नळीच्या डब्यातले तिन्ही गोळे एका दमात वर चढवले. आधी एकच चढायचा, तो बी अर्ध्यात लटकायचा. काल तिन्ही वर गेले आन् मी एक, दोन, तीन मोजेपर्यंत तिथंच राहिले. मी इतकी हासले की शेजारची कमरजहाँ बघाया आली. तिला वाटलं आमचं भांडण लागलं.

तू दिलेला, रक्तातली हवा मोजायचा बोटाचा चिमटा बी चांगला चालून राहिला. सकाळी चौऱ्याण्णव, संध्याकाळी पंच्याण्णव. पण तो चिमटा आता आमचा राहिला न्हाई, गल्लीचा झाला. बेबीबाई रोज बोट घालून जाते. हरिचंद दुकानदाराला सत्त्याण्णव आले, तवापासून तो गिऱ्हाईकाला सांगून राहिला, "माझं रक्त बाळापुरात एक नंबर." तुझे आबा त्याला म्हणले, "मग थोडं मला दे, मला दोन कमी पडून राहिले."

आप्रेशनात कापलेलं छातीचं हाड बराबर जुळून राहिलं. खोकला आला की उशी छातीला कवटाळून खोकतात, तू दाखवलं तसं. वजन काही उचलत न्हाईत. सकाळी रस्त्यानं लिंबापर्यंत जाऊन येतात. वावरात हळद शिजवून राहिलेत, तिकडं धूर लई, म्हणून भीमराज त्यांना येऊ देत न्हाई. मग ते घरी बसून त्याला फोनवर शिकवतात. "जाळ कमी कर" म्हणतात. यांना इथून जाळ दिसतो.

फोनवरून आठवलं. तू रोज फोन करती. औषध घेतलं का, पायाला सूज हाय का, चिमट्यात किती आले, सारं मला इचारती आन् ठेवून देती. आधी "आबाकडं दे" म्हणायची. दीड महिना झाला, एकदा बी म्हणली न्हाई. नांदेडहून दर दुसऱ्या रविवारी यायची, ते बी बंद झालं. तुझे आबा फोन वाजला की सरळ होऊन बसतात. मी ठेवला की भिंतीकडं तोंड करून निजतात.

काहून, ते मला ठावं हाय.

मी थोडकीच शिकलेली, पण तू समजावलं ते ध्यानात हाय. काळीज थांबवून त्याच्यावर काम करायचं, तवर रक्त बाहेरच्या मशीनीतून फिरवायचं, दम बी मशीननंच द्यायचा. तुझं कामच ते. पण घरचं माणूस म्हणून त्या दिवशी मशीन तुझ्या गोपीचंद सरांनी धरली, आन् तू रक्ताचे नमुने बघून राहिली. घडीघडी रक्त काढायचं, त्याच्यात चांगली हवा किती, वाईट हवा किती ते बघायचं आन् सरांना सांगायचं, म्हंजे ते मशीन कमीजास्त करतात. मशीन लावायच्या आधी पहिला नमुना काढला, त्यातच तुला बिडीचा धूर सापडला. मुख्य नस इतकी बंद व्हती की आप्रेशन फुडं ढकलता आलं न्हाई. डाक्टरांनी ते तसंच केलं.

बाजूच्या खाटेवरच्या माणसाची गळ्यातली दमाची नळी दुसऱ्या सकाळी निघाली. आपल्या माणसाची निघंना. मनगटातून रक्त काढलं की तू बाहेर येऊन मला आकडा सांगायची. वाईट हवा चाळिसावर पाहिजे, आन् यांची अठ्ठावन्न. मग छप्पन्न. मग पुन्हा अठ्ठावन्न. मी बाकड्यावर त्रिसरण म्हणत बसले. तू माझ्याजवळ येऊन बसली.

"आजी, माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली व्हती त्यांनी. एकवीस दिवस झाले सोडून, म्हणले."

मी म्हणले, "व्हय."

"मग आप्रेशनच्या सकाळी कोन ओढतं? आता दम त्यांचा त्यांना घेता येऊन न्हाई राहिला. नळी निघालीच न्हाई तर मी काय करू?"

मी म्हणले, "लेकरा, पाणी पी."

एवढंच म्हणले मी.

तिसऱ्या दिवशी आकडा त्रेचाळीसवर आला आन् नळी काढली. त्यांचा घसा पार बसला व्हता. तू इचारलं, "आबा, बिडी ओढली ना?" ते म्हणले, "ओढली." तू इचारलं, "आणली कुठून?" ते म्हणले, "खिशात व्हती." तू तशीच निघून गेली.

आकांक्षा, दवाखान्याच्या त्या हिरव्या झग्याला खिसा नव्हता. नाड्या व्हत्या, त्या बी पाठीमागं. तू इतकी शिकलेली, पण रागात तुझ्या ध्यानात आलं न्हाई. माझ्या आलं व्हतं. मी गप बसले.

दवाखान्यात येताना वारंगा फाट्याला गाडीची वाट बघत व्हतो, तवा त्यांना कोटात बिडीचं एक जुनं बंडल सापडलं. लगेच माझ्या हातात दिलं. "हे तू ठेव, माझ्याजवळ नको," म्हणले. ते मी तिथंच नालीत टाकाया पाहिजे व्हतं. पण भरलेलं बंडल, टाकायचा जीव झाला न्हाई. कमरेच्या पिशवीत ठेवलं.

आप्रेशनच्या सकाळी सिस्टर बाईंनी छातीचे केस काढले, झगा घातला आन् बजावलं, खायचं न्हाई, पाणी बी न्हाई. त्या गेल्या आन् यांचे हात थरथराया लागले. मांडीखाली दाबून ठेवले तरी थांबंनात. बावन्न वर्सं संसार केला, हिरीत उतरून सुरुंग लावणारा माणूस, त्याचे हात मी तसे कधी पाहिले न्हाईत. मी इचार केला, खायचं न्हाई म्हणले, प्यायचं न्हाई म्हणले, धूर तर पोटात जात न्हाई. त्यानं काय बिघडतं.

त्यांनी मागितली न्हाई. मीच काढून दिली. ते दोनदा नको म्हणले. "पोरीला शब्द दिलाय," म्हणले. मी म्हणले, "पोरीला कोन सांगून राहिलं?" संडासाच्या खिडकीपाशी काडी बी मीच लावली. अर्धी ओढली, हात थांबले, बाकीची त्यांनी पाण्यात टाकली.

घरी आल्यावर मी इचारलं, माझं नाव काहून सांगितलं न्हाई. तर म्हणले, "माझ्यावर रागावली तर चालतं, मी आधीच बिमार हाय. तुझ्यावर रागावली तर ती जेवायची कुठं?" आन् मला कुणाला सांगू नको म्हणून बजावलं. दीड महिना मी ते पाळलं. मला सोपं व्हतं, म्हणून पाळलं.

काल गोळे वर गेले तवा धाप लागलेली असतानाच ते पहिलं म्हणले, "आकांक्षाला सांग." मी तुला फोन लावला. तू "बरं" म्हणली आन् गोळ्या संपल्या का ते इचारलं. फोन मोठ्यानं व्हता, त्यांनी ऐकलं. मग माझ्यानं राहवलं न्हाई. हे पत्र गल्लीतल्या मिनाजवळ देऊन राहिले, ती पोस्टात टाकंल. आबांना यातलं काही ठावं न्हाई.

रागावायचं तर माझ्यावर रागाव. किती दिवस ते तू ठरव, मी घाई करणार न्हाई. पण पत्र भेटलं की फोन लाव आन् "आबाकडं दे" म्हण. मी फोन त्यांच्या हातात देते आन् बाहेर जाऊन बसते.

दवाखान्यातल्या साऱ्या कागदांवर भीमराजनं सह्या केल्या, माझी कुठंच घेतली न्हाई. म्हणून इथं पुरी करते.

बिडी देणारी, तुझी आजी
सोजराबाई जळबा खिल्लारे