मायचं ताट

माय, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आता मला तुझ्यावर संशय येऊ लागला आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे तूच शिकवलंस. पण तुझ्या जावयांना विचारलं तर ते म्हणतील, मेलेल्या माणसाला कशाला उकरतेस, आणि ज्या एका माणसाला खरं ठाऊक आहे ती तूच आहेस. संशयी तर मी आधीपासूनच आहे, तू म्हणायचीस, ही पोरगी दुधातही पाणी शोधते. अंगणवाडीत नोकरी लागल्यावर तो स्वभाव पक्का झाला. महिन्याच्या महिन्याला लेकरांची वजनं घ्यायची, दंडाचा घेर मोजायला ती लाल-पिवळी-हिरवी पट्टी लावायची, आणि त्यांच्या आया सांगतात, “खाते ना बाई, चांगला खाते.” मी त्यांच्या तोंडाकडे बघतच नाही, पट्टीकडे बघते. घरी दिलेला आहार लेकराच्या पोटात गेला की बकरीच्या, हे मी लेकराच्या दंडावरून सांगते. गावातल्या बायका मला टरकून असतात. आणि माझ्याच घरातला दंड मला दिसला नाही.

तुझी नात सतरा वर्षांची आहे. तू तिला पाहिलं नाहीस. सगळ्यात पहिला नंबर हवा असणारी, वही इतकी नीट की हात लावायला भीती वाटावी. दहावीनंतर तिने सोमवार धरला. मग गुरुवार, मग चतुर्थी, मग शनिवार. आधी साबुदाणा खायची, मग तो जड पडतो म्हणाली, भगर नको म्हणाली, शेवटी नुसतं पाणी. मला काय वाटलं असेल? मला अभिमान वाटला. नणंदा म्हणाल्या, आजकालच्या पोरींना उपास म्हटलं की डोकं दुखतं आणि ही बघा. मी सगळ्यांना सांगत सुटले की ही माझ्या मायवर गेली, माझी माय आठवड्यातले चार दिवस उपाशी राहून दिवसभर सोयाबीन कापायची. आपल्यात उपासाच्या माणसाला कुणी जेव म्हणत नाही. म्हणणाऱ्यालाच पाप लागतं. पोरीला लपायला याहून बरी जागा कुठे मिळाली असती, आणि त्या जागेचं दार मीच उघडून दिलं.

मग उन्हाळ्यातही ती स्वेटर घालायला लागली. फणीत केसांचे पुंजके यायला लागले. तीन महिने पाळी आली नाही, तेव्हा मला भलताच संशय आला. कोणता, ते तू ओळखशील. ती आंघोळीला गेली तशी तिच्या कॉलेजच्या बॅगेत हात घातला. मला चिठ्ठी सापडेल असं वाटत होतं, एखादा फोटो. सापडल्या त्या पोळ्या. वहीच्या कागदात एकेक घडी करून बांधलेल्या, मी सकाळी डब्यात दिलेल्या, काहींवर हिरवी बुरशी. मी त्या मांडीवर घेऊन खाटेवर बसले. खरं सांगते, त्यापेक्षा चिठ्ठी सापडली असती तर बरं, असं त्या क्षणी वाटलं. ती बाहेर आली, पोळ्या बघितल्या आणि हळूच म्हणाली, “टाकून देनार होती वं आई. फेकवत नाही मले.” त्याच आठवड्यात शेलूबाजारच्या स्टँडवर जीपची वाट बघताना ती कोसळली.

वाशीमला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मोठ्या जाऊबाई म्हणत होत्या, बाहेरचं काहीतरी आहे, उतरवून घ्या. मला उतारे पटत नव्हते आणि डॉक्टरीणबाईही पटत नव्हत्या. पोर जेवत नाही तर सलाइन लावा, गोळी द्या, हा कसला गप्पांचा दवाखाना? त्यांनी आधी रक्त तपासलं, छातीची ईसीजीची पट्टी काढली, कारण उपाशी शरीरात हृदयही थकतं म्हणे. मग मला समोर बसवलं. म्हणाल्या, हा हट्ट नाही, नखरा नाही, आजार आहे. याचं एकच कारण शोधू नका. काही घरातून रक्तात येतं, काही स्वभावात असतं, नंबर काढणाऱ्या, चूक न खपणाऱ्या पोरींना जास्त धरतो. त्यात कुणाचं एखादं बोलणं पडतं, मोबाइलवरचं काही पडतं, आणि एकदा उपासमार सुरू झाली की उपाशी डोकंच तिला आणखी उपाशी ठेवतं. बोलणं कुणाचं पडलं ते मला आठवलं. पुतणीच्या हळदीत ब्लाउज बसेना तेव्हा मीच हसून म्हणाले होते, “आता कापड वाढवा लागते बाप्पा.” बाईंना मी ते सांगितलं नाही.

मग औषध सांगितलं, तर ते जेवणच. ठरल्या वेळी, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि काय नि किती ते पोरीने नाही, घरच्यांनी ठरवायचं. एकही उपास नाही. वजन दवाखान्यातच होईल, आकडा तिला सांगायचा नाही. जेवल्यावर तासभर एकटं सोडायचं नाही. आठवड्याला बोलायला आणायचं, आणि महिन्यात बरी होईल अशी घाई करायची नाही. आणि आईने तिच्यासोबत, तिच्याइतकंच ताट वाढून बसायचं. शेवटी कागदावर काही लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला खाण्याचा असा त्रास होता का? मी म्हणाले, नाही. इतक्या पटकन म्हणाले की त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. अंगणवाडीत मी तशीच बघते.

कारण मला तो दिवस आठवला होता. मी नऊ वर्षांची आहे. सगळे जेवून वावरात गेलेत, मी शाळेतून लवकर आले. तू कोठीच्या खोलीत पाठमोरी बसली आहेस आणि गूळ-शेंगदाणे मुठीमुठीने तोंडात कोंबते आहेस, कुणी मागे लागल्यासारखी. मग उठून गोठ्यामागे गेलीस. मी ओकण्याचा आवाज ऐकला. तू तोंड धुऊन आलीस, मला बघितलंस. मी विचारलं, “माय, तू आमच्यासंग काहून नाही जेवत?” तू मारलं नाहीस. हनुवटी धरून म्हणालीस, “पोरीच्या जातीनं मायचं ताट पाहू नये.” पित्त झालंय, एवढंच पुढे. मग ओच्यातले उरलेले शेंगदाणे माझ्या ओंजळीत टाकलेस आणि मी खूश झाले. तुला पित्त नेहमीच व्हायचं. तुझा उपासही नेहमीच असायचा. देवासाठी होते का ते सगळे, माय? एक तरी होता का? मी तुझ्या श्रद्धेवर शिंतोडे उडवते आहे असं वाटलं तर वाटू दे. तुला कुणी विचारलं नाही याचा मला राग येतो, आणि तू मला बघू दिलं नाहीस याचा जास्त.

आज दुपारी आम्ही दोघी समोरासमोर बसलो. तिला एक भाकर, मेथीची भाजी, वरण, दूध. ती घास चिवडत होती, मी तिच्या हातावर नजर ठेवून. तेवढ्यात ती थांबली आणि माझ्या ताटाकडे बघायला लागली.

“आई, तुही भाकर अर्धी काहून?”

“माहं झालं वं. सैपाक करता करता खाल्लं मी.”

हे तुझं वाक्य आहे, माय. शब्दाला शब्द. ते माझ्या तोंडून निघालं आणि माझ्याच कानांनी मला पकडलं. पोरीने हात ताटातून काढून घेतला. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, “मंग मी बी नाही खात. तू बी खोटी अन् मी बी खोटी.”

मी उठले, टोपल्यातली दुसरी अर्धी आणली, तिच्यासमोर माझ्या ताटात ठेवली. मग दोघी खायला लागलो. तिला जवळजवळ तास लागला, शेवटच्या दोन घासांना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि मी तिला चूप बस म्हटलं नाही. तिने भाकर संपवली. मी नंतर तासभर तिच्याजवळ बसले, बाईंनी सांगितलं तशी, आणि ती झोपल्यावर हे लिहायला घेतलं. मंगळवारी पुन्हा वाशीम आहे. गोठ्यामागचं, हळदीतलं आणि माझ्या अर्ध्या भाकरीचं, सगळं बाईंना सांगायचं ठरवलं आहे. सांगेन याचा मला भरवसा नाही, म्हणून हा कागद पर्समध्ये ठेवते आहे. बोलता आलं नाही तर त्यांच्यापुढे सरकवीन. तुला तर तो पोचणार नाहीच.

एक राहिलं. मी सैपाक करता करता काहीही खाल्लं नव्हतं. ती पूर्ण भाकर संपल्यावर मला आणखी एक हवी होती. मीच थापलेली, माझ्याच टोपल्यातली. पोरीसमोर घ्यायची मला लाज वाटली.