फौजदाराला मीच धरलं होतं

॥ श्रीसिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर,
येळवस होऊन आठवडा झाला.

ती. स्व. शरणप्पाअण्णा यांच्या पायांवर गुरम्माचं डोकं. वहिनींनाही तसाच नमस्कार. त्यांचा गुडघा कसा आहे? गोदावरीच्या काठच्या ओलीनं सांधे धरतात असं त्या मागे म्हणाल्या होत्या. त्यांना म्हणावं, थोडे दिवस लातूरला या, इथं ओल औषधालाही शिल्लक नाही. तुमचा खोकला गेला असेलच. गेला नसेल तर पत्रं लिहिणं जरा कमी करा. तुम्ही ती मोठ्यानं बोलत लिहिता हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी ठणठणीत आहे.

तुमचं कार्ड काल आलं. 'तुला पोलिसांनी कुऱ्हाडीसकट धरल्याचं टँकरवाल्याकडून इथं नांदेडात समजलं. आता संक्रांतीची वाट पाहत नाही, येत्या रविवारी ट्रक घेऊन येतो, भांडी बांधून ठेव, यापुढे तू आमच्याकडेच राहायचं' हा मजकूर वाचला. (वाचला म्हणजे ऐकला. का, ते पुढे येईल.) थोरल्या भावाला खोटं पाडू नये ही अप्पांची शिकवण मी विसरलेली नाही, म्हणून एवढंच म्हणते की बातमीत थोडी उलटापालट झाली आहे. पोलीस होता, कुऱ्हाड होती, धरपकडही झाली. पण धरलं मी त्याला. आणि धरून ठेवून त्याच्याकडून सगळ्या गल्लीचं पाणी भरून घेतलं.

आता मुळापासून सांगते. शस्त्राची कल्पना तुमचीच. हे गेले, मूलबाळ नाही, त्यात लातूरचा जिल्हा झाला. जिल्हा झाल्याचा मला आनंदच आहे, पूर्वी 'उद्या या' हे ऐकायला उस्मानाबादपर्यंत जावं लागायचं, आता ते घरबसल्या ऐकायला मिळतं. पण साहेब आले, कारकून आले, त्यांच्या मागोमाग चोरही आले. पाणी होतं तेवढंच, उलट आटलं, आणि प्यायला तोंडं वाढली. तेव्हा तुम्ही लिहिलंत, 'एकटी बाई आहेस, दार उघडताना हातात काहीतरी असू दे.' मी तुमचा शब्द कधी मोडला आहे? (लग्नाच्या वेळचं काढू नका.) दुसऱ्या दिवसापासून मी हातात काहीतरी घेऊन दार उघडू लागले.

प्रथम लाटणं घेतलं. दूधवाल्या तय्यबनं ते पाहून "चपात्या झाल्या का भाभी?" असं विचारलं, म्हणजे शस्त्र वाया गेलं. मग विळी घेतली. अण्णा, विळी फार धारदार असते, पण ते बसून चालवायचं हत्यार आहे. चोराला "जरा थांबा, पाट सरळ करून बसते" असं सांगावं लागेल आणि सगळेच चोर तेवढे सभ्य नसतात. मुसळ घेऊन पाहिलं, तर ते खांद्यापर्यंत जाईतो दारातला माणूस आत येऊन, तांब्याभर पाणी पिऊन परत गेला असता, आणि पाणी गेल्याचं दुःख मला चोरी झाल्याहून जास्त झालं असतं. शेवटी ह्यांची सरपण फोडायची कुऱ्हाड बाहेर काढली. दांडा गुळगुळीत, वजन बेताचं, आणि कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. पोस्टमन तेव्हापासून पायरी चढत नाही. तो रस्त्यात उभा राहून कार्ड मोठ्यानं वाचून दाखवतो आणि ओट्यावर टाकून जातो. त्यामुळे तुम्ही मला 'भित्री' म्हणता हे आता सगळ्या गल्लीला माहीत आहे. कालचं कार्ड वाचून झाल्यावर समोरच्या वीरण्णानं मला विचारलंसुद्धा, "बाई, खरंच चालल्या का नांदेडला?" मला फार वाईट वाटलं. या घराची एकेक वीट आम्ही दोघांनी उभं राहून बसवून घेतली आहे.

असो. येळवस आली. नांदेडात राहून तुम्हाला विसर पडला असेल म्हणून आठवण देते, येळवशीच्या अमावास्येला लातुरात माणूस राहत नाही. सगळे रानात जातात, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा करतात, आंबील पितात, आणि शहरात कुत्र्यानं भुंकायचं म्हटलं तरी त्याला कुणी सापडत नाही. यंदा रानात कडब्याची काडी नाही. मी समोरच्या शिवम्माला (वीरण्णाची बायको) म्हटलं, "काय उगवलंय म्हणून निघालीस?" तर म्हणाली, "उगवलं न्हाई म्हणूनच चाललो बाई. लक्षुमीला तोंड दाखवाया नको का?" मी मात्र थांबले. टँकर कधी येईल त्याचा नेम नसतो, गल्लीत कुणीतरी हवं. मी थांबते आहे आणि माझ्याजवळ कुऱ्हाड आहे, असं कळताच जो तो आपली किल्ली आणून देऊ लागला. तय्यब वीरण्णाच्या रानात निघाला होता, त्यानंही दिली. घागरी माझ्या ओट्यासमोर रांगेनं लावल्या. बैलगाड्या गेल्या आणि मी सगळ्या किल्ल्या एका सुतळीत ओवून कमरेला बांधल्या. चालताना मंदिराच्या घंटा वाजाव्यात तसा आवाज होई.

भाकरी थापून झाल्या होत्या, तेवढ्यात दार वाजलं. अण्णा, विचार करा. येळवशीच्या दिवशी लातुरात कोण असतो? जो भला असतो तो रानात असतो. मागे उरतो तो चोर. मी कुऱ्हाड उचलली आणि दार उघडलं. समोर दाढी वाढलेला, धुळीनं माखलेला एक तरुण, पायाशी लोखंडी पेटी आणि वळकटी. कुणाच्या तरी घरचीच उचलली असणार. मी म्हटलं, "हात वर!" त्यानं केले. मग त्याची नजर कुऱ्हाडीवरून माझ्या कमरेकडे गेली आणि हात हळूहळू खाली आले.

"मी पोलीस आहे," तो म्हणाला. "या किल्ल्या कुणाच्या?"

"लोकांच्या."

"ते लोक कुठे आहेत?"

"रानात."

"सगळे?"

"सगळे."

"म्हणजे सगळं शहर रानात गेलं, जाताना घरांच्या किल्ल्या तुम्हाला देऊन गेलं, आणि तुम्ही कुऱ्हाड घेऊन राखण करताय. असं लिहून घेऊ का?"

अण्णा, शब्दन् शब्द खरा होता, पण त्याच्या तोंडून ऐकल्यावर माझी मलाच अटक करावीशी वाटली. तो सावंतवाडीकडचा, पेडणेकर नावाचा. रात्रभर एसटीत आदळून सकाळी नव्या जिल्ह्यात बदलीवर उतरला, तर स्टँडवर चहा नाही, रिक्षा नाही, रस्त्यात माणूस नाही. आधी त्याला वाटलं संचारबंदी आहे, मग वाटलं पटकी आली आणि गाव उठलं. दारं ठोठावत ठोठावत तो एवढ्या शहरात एकच दार उघडलेलं पाहतो, आणि त्यातून कुऱ्हाड बाहेर येते. त्याच्या जागी मी असते तर मीही मला चोरच म्हटलं असतं. पण तेव्हा मी माझ्या जागी होते. म्हटलं, "पोलीस आहात, तर वर्दी कुठंय?" म्हणाला, पेटीत. "मग काढा." तर पेटीची किल्ली प्रवासात हरवलेली. मग अगदी नम्रपणे म्हणतो, "कुलूप तोडायला जरा कुऱ्हाड देता का?"

मी म्हटलं, लातूरचा जिल्हा झाला असेल, पण इतकं भोळं ते अजून झालेलं नाही.

झालं. तो जाईना, कारण एवढ्या किल्ल्यांसकट मला सोडणं त्याच्या कर्तव्यात बसेना. मी हटेना, कारण घर माझं. "हे घर तुमचंच कशावरून?" असंही त्यानं विचारलं. याचा मला इतका राग आला की सांगू नका. तुम्हीही तेच विचारता, फक्त शब्द वेगळे असतात. मी त्याला ओट्यावर बसवलं, कुऱ्हाड मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसले, आणि दोघं एकमेकांवर पहारा करत राहिलो. ऊन चढलं. डाळी-पालेभाज्यांच्या भज्जीचा वास बाहेर येत होता आणि त्या पोराच्या घशाची घाटी वरखाली होत होती. मी पाहिलं आणि मला राहवेना. चोर झाला म्हणून येळवशीला दारातून उपाशी कसा पाठवायचा? एक हात कुऱ्हाडीवर ठेवून दुसऱ्या हातानं वाढलं. बाजरीचे उंडे, भज्जी, भाकरी, वर गाडगंभर आंबील. पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं, दुसऱ्याला सरळ झालं, मग गाडगं पुढे करून म्हणतो, "मावशी, आणखी आहे का?" मावशी! मघाशी आरोपी होते.

तेवढ्यात टँकर आला. ड्रायव्हर तुमच्या नांदेडचा, त्याला येळवशीचं काही घेणंदेणं नाही. म्हणाला, भरा लवकर, मला पुढं जायचंय. गल्लीभराच्या घागरी आणि भरणारी मी एकटी! मी कुऱ्हाडीनं त्या पोराला खूण केली. तो उठला, बाह्या वर केल्या आणि भरू लागला. घागरी, हंडे, वीरण्णाचा रांजण, तय्यबची पिंपं. मी किल्ल्या लावून एकेक घर उघडत होते, तो पाणी आत नेत होता, बाहेर आला की मी कुलूप घालत होते आणि खात्रीसाठी त्याचे खिसेही पाहत होते. थेंब सांडला नाही, अण्णा. कोकणातला माणूस, पण पाण्याची किंमत त्याला अर्ध्या तासात समजली. हेच दृश्य पाहून त्या ड्रायव्हरनं नांदेडात जाऊन 'पोलीस, बाई, कुऱ्हाड' असं काहीतरी सांगितलं. त्याला त्याचा क्रम लागला नाही, यात माझा दोष नाही.

नंतर आंबील आपलं काम करू लागली. रात्रभराचा शिणलेला जीव, ओट्यावर कलंडला आणि घोरू लागला. झोपेत बरा दिसत होता. मी पाखरं हाकत दिवस मावळेतो राखण केली. गाड्या परतल्या, वीरण्णा खाली उतरला, ओट्यावरची पेटी-वळकटी नि माणूस पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अवो बाई, हे आपले नवे फौजदारच असणार की! माझ्या माडीवर भाड्यानं येणार व्हते!" त्याच्या माडीची किल्ली दिवसभर माझ्याच कमरेला होती. फौजदार उठले, डोळे चोळले, भरलेल्या रांजणांकडे नि गल्लीकडे पाहिलं, आणि सगळ्यांसमोर मला कडक सलाम ठोकला. म्हणाले, "या गल्लीत पोलिसांची गरज नाही. मी फक्त राहायला येतो." शिवम्मानं माझी दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी वर्दी घालून आले ते आधी माझ्याकडे, उरलेली आंबील आहे का विचारायला.

तर कळवायचं ते हे, की माझ्या दारासमोर आता खुद्द फौजदार राहतो, माझ्या हातात कुऱ्हाड आहे, आणि गल्ली मला 'भित्री' म्हणायचं विसरली आहे. भांडी मी बांधलेली नाहीत. ती आपापल्या फळीवर बरी आहेत. मुलाबाळांना गोड पापा, लहानमोठ्यांना यथायोग्य.

आपली आज्ञाधारक (बहुतेक बाबतींत) बहीण,
गुरम्मा

ता. क. — ट्रक ठरला असेल आणि मोडता येत नसेल तर तो रिकामा आणू नका. वर टाकी बसवा आणि गोदावरीचं पाणी भरून पाठवा. भांडी मी त्यासाठी घासून ठेवते.

ता. क. दुसरा — कार्ड असतं तर हे लिहिलं नसतं, पोस्टमननं ओरडून वाचलं असतं. हे पाकीट आहे म्हणून लिहिते. मी टँकरसाठी थांबले असं वर लिहिलं आहे. पण यंदा मला रानात कुणी बोलावलंच नव्हतं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. शिवम्माला वाटलं तय्यबच्या बानोनं सांगितलं असेल, बानोला वाटलं शिवम्मानं. हे होते तेव्हा मित्रांची रीघ लागायची, 'आमच्या रानात या, आमच्या रानात या.' हातानं सवयीनं दोघांचं केलं होतं, अण्णा. तो पोरगा आला नसता तर मला एकटीला घास गिळला नसता. खूप रडू आलं असतं.

चाकूरच्या वाटेवरचं अप्पांचं रान तुम्ही दुसऱ्याला कसायला बटईनं दिलंत, त्याला माझी हरकत नाही. पण बांध अजून आपलाच आहे. नांदेडला मला नेऊ नका. पुढच्या येळवशीला तुम्हीच इकडे या, वहिनींना घेऊन, साध्या एसटीनं. आपण तिघं त्या बांधावर बसून भाकरी खाऊ, रानात काही उगवलेलं असो वा नसो. आलात की दार वाजवू नका. बाहेरूनच 'गुरव्वा' म्हणून हाक मारा. त्या नावानं मला हाक मारणारं आता तुमच्याशिवाय कुणी राहिलेलं नाही. ती ऐकू आली की कुऱ्हाड कोपऱ्यात ठेवीन आणि मग दार उघडीन.