चकमकीचा कापूस

लेह, १२ ऑगस्ट १९९६

ती. आचे छोंडोल हिस, धाकट्या भावाचा सा. न. वि. वि. आणि लांबूनच जुले.

अझांग पुंचोकच्या ट्रकबरोबर हे पत्र पाठवतोय. मी मजेत आहे. दुकानात परदेशी गिऱ्हाइकांची रीघ आहे. डोंगरात जाणाऱ्यांना आम्ही तंबू, दोर आणि विस्तव पेटवायची इवली इवली साधनं विकतो. पाण्यात भिजूनही पेटणाऱ्या काड्या आहेत, वाऱ्यात न विझणारे लायटर आहेत, आणि बोटाएवढी एक सळई आहे, ती पात्याने खरवडली की ठिणग्यांचा सडा पडतो. माणसं एवढ्या लांबून येऊन विस्तव कसा पेटवावा हे माझ्याकडून शिकतात. तू हसशील. ओल्या शेणी चुलीत कोंबल्या म्हणून माझा कान किती वेळा उपटलायस!

एक काम कर. आबांच्या कमरेची चकमक मागून पाठव. दुकानात काचेच्या कपाटात मांडायची आहे. आबांना एवढंच सांग की लुंडुपने चकमक मागितली आहे. बदल्यात सहा लायटर पाठवतोय. आबांची एक ठिणगी पडेपर्यंत यांच्यावर चहा उकळून होईल.

लोभ आहेच. माझ्या खोड्या आठवून तो कमी करू नये.

तुझा लुंडुप


लेह, ५ सप्टेंबर १९९६

ती. आचेस सा. न.

चकमक पोचली. सोबत चिठ्ठी नव्हती. अझांग पुंचोक म्हणाले की ते घाईत होते, पण आबा स्वतः ट्रकपर्यंत आले आणि नीट पोचव म्हणून दोनदा बजावलं.

आता गंमत ऐक. कपाटात ठेवून चार दिवस झाले नाहीत तोच एका जर्मन गिर्यारोहकाला ती आवडली. चामड्याची पिशवी, खालची पोलादी धार, आतला गारगोटीचा तुकडा, सगळं तो हातात घेऊन बसला. शेवटी त्याने आपल्या गळ्यातली सळई काढून दिली आणि मी चकमक दिली. सळई या पत्रासोबत आहे. बारा हजार वेळा पेटते म्हणतात! आबांना म्हणावं, जन्मभर पुरून नातवंडांना उरेल.

पत्राची वाट पाहतो. लोभ असावा, चांगल्या सौद्याबद्दल थोडा जास्तच.

लुंडुप


खरनाक, ७ सप्टेंबर १९९६

चि. लुंडुप यास आचेचे पोटभर आशीर्वाद.

त्या दिवशी ट्रक थांबेना, म्हणून चिठ्ठी राहिली. आज निवांत लिहिते आहे.

तुझा निरोप वाचला तेव्हा आबा बकरीची लोकर विंचरत होते. हात तसाच थांबला. पुन्हा वाच म्हणाले. मग डोळे पुसले आणि धुराला शिव्या घातल्या. चूल तेव्हा शांत होती.

तू वसतिगृहात वाढलास, मला वाटायचं पोरगं लेहचंच झालं. पण शेवटी आपल्या रीतीनेच मागितलंस. बापाची चकमक मागितली म्हणजे चूल मागितली, तंबू मागितला, कळप मागितला. बापाने आपण होऊन द्यायची नसते, मुलाने मागावी लागते. आबा सहा वर्षं तुझ्या तोंडून हे ऐकायला थांबले होते रे. काचेच्या कपाटाचं तू काय लिहिलंस ते आम्हाला नीटसं कळलं नाही. सांभाळून ठेवणार असशील.

दुसऱ्याच दिवशी आबांनी अंथरूण लहान तंबूत हलवलं. मोठा तंबू आता लुंडुपचा, असं सगळ्या वस्तीला सांगत फिरतात. चहात लोणी इतकं घातलं की मी त्यांना दोनदा टोकलं. गुडघे दुखतात, तरी रोज टेकडीवर जाऊन पांढरी लोकरफुलं गोळा करतात आणि कुटून ठिणगी धरणारा कापूस करतात. चकमक तरुण हातात गेलीय, आता कापूस भराभर संपेल म्हणतात.

तुझे लायटर थंडीत रुसतात. काखेत धरून कोंबडीसारखं उबवावं लागतं तेव्हा पेटतात. आबा म्हणतात, लुंडुपने विस्तव पाठवला की अंडी?

बर्फाआधी ये. आचेवरचा लोभ वाटेत सांडू नकोस, सगळा घेऊन ये.

आचे


लेह, २८ सप्टेंबर १९९६

ती. आचेस सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात घेऊन तीन दिवस बसलोय. आठव्या वर्षी मला इथे आणून सोडलं. ही रीत मला माहीत नव्हती, शपथ घेऊन सांगतो. मला फक्त एक जुनी वस्तू हवी होती.

जर्मन माणूस विमानाने गेला. उतरला होता तिथल्या बाईंनी वहीतून पत्ता शोधून दिला. दुकानाच्या मालकांकडून इंग्रजीत पत्र लिहून घेऊन पाठवलं. उत्तराची पंधरा नोव्हेंबरपर्यंत वाट पाहतो आणि मग शेवटच्या ट्रकने येतो. मोकळ्या हाताने आबांसमोर कसा उभा राहू? त्यांना अजून काही सांगू नकोस. सळई लपवून ठेव.

लोभ मागायलाही जीभ रेटत नाही. तरी ठेव.

लुंडुप


खरनाक, २६ ऑक्टोबर १९९६

चि. लुंडुप यास आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं एकाच ट्रकने आली. आधी सौद्याचं वाचलं, मग दुसरं. तुझ्यावर ओरडायला तू समोर नव्हतास, म्हणून बकऱ्यांवर ओरडले.

अझांग पुंचोक चहा पिऊन लगेच निघतायत. त्यांना हवेत बर्फाचा वास येतोय. ही त्यांची शेवटची फेरी ठरेल म्हणतात. तू पंधरा नोव्हेंबर म्हणतोस. वेड्या, बर्फ पडलं की वाटेतली खिंड बंद, तिला तुझी तारीख कोण सांगणार? चकमक मिळो न मिळो, मिळेल त्या गाडीने ये, नाहीतर चालत ये. आबा हातात काय आहे ते बघणार नाहीत, तोंड बघतील. हल्ली खोकतात फार. ट्रकचा आवाज आला की काठी घेऊन वाटेवर जाऊन उभे राहतात. आजही होते. कोणी उतरलं नाही, तर म्हणाले की सामान बांधायला वेळ लागतोच.

मी त्यांना काही सांगितलं नाही. खोटं बोलणंही जमत नाही, म्हणून नुसती मान हलवते.

लोभाचं नंतर बघू. आधी ये.

आचे


लेह, १९ जानेवारी १९९७

तीर्थरूप आबांच्या चरणी लुंडुपचा साष्टांग नमस्कार.

आबा, हे पत्र खिंड उघडेपर्यंत माझ्याच उशाला राहणार आहे. तरी लिहितो. आचेचं पत्र हातात पडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी खिंड बंद झाली. मी निघालो होतो. दोनदा निघालो. दोन्ही वेळा सैनिकांनी वाटेतून परत पाठवलं. पुढे मरशील आणि तुला शोधायला आम्हाला मरावं लागेल, म्हणाले.

तुमची चकमक मी परक्याला दिली होती. मला अर्थ माहीत नव्हता. काल ती टपालाने परत आली. त्या भल्या माणसाने लिहिलंय की वडिलांची वस्तू मुलाकडेच शोभते. आता ती माझ्या कमरेला आहे आणि तुमच्या-माझ्यामध्ये बर्फ आहे.

आज दिवसभर ती पेटवायचा प्रयत्न केला. ठिणगी पडते, धरत काहीच नाही. पिशवीतला कापूस त्याने शिकताना संपवला. मी चिंधी लावून पाहिली, कागद लावून पाहिला. दुकानातली पोरं हसली. भिंतीवर शंभर लायटर लटकतायत आणि मला माझ्या बापाचा विस्तव पेटवता येत नाही. आल्यावर शिकवा. कान धरून शिकवा.

तुमचा लोभ मी न मागताच मिळत आला. आता मागतो.

तुमचा लुंडुप


खरनाक, २२ एप्रिल १९९७

चि. लुंडुप यास आचेचे आशीर्वाद.

खिंड उघडल्यानंतरचा पहिला ट्रक आज आला. तू आबांना लिहिलेलं पत्र मिळालं. मीच फोडलं. आबा अकरा फेब्रुवारीला गेले.

सगळं सांगते, ऐक. लहान तंबूत त्यांनी विस्तव कधी पेटवला नाही. चकमक दिलेल्या माणसाने नवा विस्तव काढायचा नसतो. मोठ्या तंबूतली आग मी राखेखाली जपून विझू देत नव्हते, रोज तिथलेच निखारे त्यांच्याकडे नेत होते. जानेवारीत पाच दिवस वारा सुटला. मोठा तंबू एका बाजूने फाटला, बर्फ आत आलं आणि चूल विझली. लायटर काखेत धरून धरून थकले. शेवटी तुझी सळई काढली. आबांनी खरवडल्याचा आवाज ऐकला आणि हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, लुंडुपने पाठवलंय. त्यांनी हातात घेऊन पाहिलं. बकरीच्या सडाएवढंच आहे की, म्हणाले आणि पुष्कळ दिवसांनी हसले. मग विचारलं, पोराने चकमक जपून ठेवलीय ना? मी हो म्हटलं. त्या दिवशी ते खोटं होतं. आज तुझ्या पत्रावरून कळतंय की दुसऱ्याच दिवशी ती तुझ्या हातात आली.

मग म्हणाले की ही सळई माझ्या चुलीत वापर, मोठ्या चुलीत नको. तिचा धनी यायचाय. तेव्हापासून आम्ही दोघं लहान तंबूतच राहिलो. मी फार विनवलं, आबा, तंबू शिवून मोठी चूल पेटवते, तिथे ऊब राहील, तुमचा खोकला थांबेल. ऐकलं नाही. त्यांच्यापुढे माझं कधी चाललंय? शेवटचे तीन दिवस मी त्यांच्या पाठीला पाठ लावून बसले होते. दुसरं काही हातात नव्हतं.

सोबत एक पिशवी पाठवते आहे. तुझं पत्र येण्याआधीच ती भरून ठेवलेली होती. शरद ऋतूभर आबांनी कुटलेला कापूस आहे, कोरडा आणि मऊ. दोन हिवाळे पुरेल. चिमूटभर घे, गारगोटीच्या कडेवर अंगठ्याने दाब आणि धार वरून खाली मार. हे त्यांनी मला तीनदा सांगितलं, तुला सांगायला म्हणून.

मोठा तंबू मी शिवून उभा केलाय. चूल सारवली आहे, शेणी रचल्या आहेत. पेटवलेली नाही. शेजारच्या बायका निखारे घेऊन आल्या होत्या, त्यांना परत पाठवलं.

अझांग पुंचोक पुन्हा बारा मेला लेहहून निघणार आहेत. येणार असलास तर त्यांना कळव, नसलास तरी कळव, म्हणजे ट्रकचा आवाज आला की मी वाटेवर जाणार नाही.

लोभ आहे. या घरात आता तेवढाच जिता आहे.

तुझी आचे